संताचे म्हणून सांगितले जाणारे हाड

मी, शकुंतला शांतवन साळवे, वय ७४, धर्म ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, राहणार चिखली, जि. बुलढाणा, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते की हे माझे एकमेव मृत्युपत्र होय. कोणी बळजबरी केलेली नाही. माझ्यावर बळजबरी करील असा माणूस या तालुक्यात मला अजून भेटायचा आहे.

१) राहते घर व बँकेतील ठेव माझा धाकटा भाऊ देवानंद याची मुलगी इरा हिला द्यावी. शिलाई मशीन शेजारच्या समीनाला. समोरच्या घरातल्या मनकर्णाबाईंना काहीही देऊ नये. कारण त्यांना ठाऊक आहे.

२) काचेची पेटी. मिशनचा दवाखाना बंद झाला तेव्हा तिथल्या सिस्टरांनी ती आमच्या वडिलांना दिली. आत नखाएवढे हाड आहे. खाली चिठ्ठी माझ्या हातची: "हे एका संताचे हाड असल्याचे सांगतात. दाखला उपलब्ध नाही. खरे-खोटे ठरलेले नाही." आजाऱ्याच्या उशाशी ठेवायला सगळ्या धर्मांचे लोक पेटी नेतात. आधी डॉक्टर, मग पेटी, हा माझा नियम पुढेही पाळावा.

इराला लहानपणी टायफॉइड झाला. उशाशी पेटी होती, हाताला सलाइन होते. पोर वाचली. "हाडानं वाचवलं, असं लिही," देवानंद म्हणाला. मी नकार दिला. मग खोटं आहे असंच लिही, म्हणून चिडला. तेही मी लिहिले नाही, कारण मला तेही माहीत नाही. तेव्हापासून त्याने माझा उंबरा सोडला. नाताळचा फराळ पाठवला तर डबा तसाच परत. फार लागले मला ते, आजही लागते. चिठ्ठी मात्र बदलणार नाही.

३) पेटी मी देवानंदच्याच नावे केली होती, चिठ्ठीसकट. काल त्याला या मृत्युपत्राचा मसुदा वाचायला बोलावले आणि तो आला. वाचून झाल्यावर त्याने माझे वकील देशमुख यांना विचारले, साक्षीदार कशाची हमी देतो? वकील म्हणाले, सही समोर झाली एवढ्याचीच, मजकुराची नाही. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

"मंग मीच साक्षीदार होतो," देवानंद म्हणाला. "पेटी इराले दे. तुही चिठ्ठी मले पटली नाही, ताई."

म्हणून त्याचे नाव खोडून पेटी व चिठ्ठी दोन्ही इराला देत आहे. काल तो माझ्याकडे जेवून गेला.

स्थळ : चिखली. दि. १४ नोव्हेंबर २०२४
सही : शकुंतला शांतवन साळवे

साक्षीदार :
१) ॲड. रमाकांत देशमुख
२) देवानंद शांतवन साळवे, भाऊ. ताईने माझ्यासमोर सही केली. बाकी माझे मत वेगळे आहे.