आधी ताटावर बस

कारंजा (घाडगे), जि. वर्धा
दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार

प्रिय छाया,

पत्र बघून घाबरू नको, सगळे धडधाकट आहेत. फोन असताना हे कागदाचं खूळ काऊन, असं तू म्हणशील. तर तुझा फोन ओट्यावर असतो, स्पीकर चालू, तुझे हात कणकेत, आणि बाजूला तुझ्या सासूबाई, आमच्या विहीणबाई सुलोचनाबाई, कान देऊन बसलेल्या. मी काही सांगायला गेले की तू तीनदा "हो आई" म्हणतेस आणि कुकर झाला म्हणून ठेवून देतेस. कागदाला कुकर नाही. म्हणून मी सांगते आहे आणि आपली रूपाली लिहून राह्यली आहे. मी "मले" म्हटलं की ती "मला" लिहिते. सून शिकलेली असली की सासूची बोलीही इस्त्री होऊन निघते. पण मधेमधे मी तिला दटावीन, तिथं माझंच उमटेल.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तू वाढता वाढता पडलीस, ते मला तुझ्याकडून कळलं नाही, जावईबापूंकडून कळलं. सकाळी साखर कमी करायची गोळी घेतलीस आणि दुपारी चार वाजेपर्यंत पोटात घास नाही, कारण शेवटची पंगत उठायची होती. डॉक्टर म्हणाले, साखर इतकी खाली गेली होती की अजून थोडा वेळ कोणाच्या ध्यानात आलं नसतं तर बाई हातची गेली असती. त्याला दोन महिने झाले. परवा तुला विचारलं, जेवलीस का, तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि तू म्हणालीस, "बसतेच आता, यांचं व्हायचं आहे." सेहेचाळीस वर्षांची झालीस ना गं? गोळीला काय माहीत, यांचं व्हायचं आहे म्हणून?

रागावून झालं, आता माझी बातमी ऐक. तुझी आई एकाहत्तर किलोची झाली. मागच्या वर्षी त्र्याऐंशी होती. दवाखान्याच्या काट्यावर माझा भरवसा नाही, म्हणून दर महिन्याला मी अडतीवर जाऊन सोयाबीनच्या पोत्यांच्या काट्यावर उभी राहते. पहिल्यांदा रूपराव अडत्या सगळ्यांदेखत ओरडला होता, "काकू, एक कट्टा अन् वर अर्धा!" हमालसुद्धा हसले. मी त्याला म्हटलं, हास, पण पुढच्या हंगामात हाच माल कमी भरला तर पेढे तू वाटशील. परवा वाटले त्यानं. मी अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा तिथंच त्याच्या हातावर ठेवला. हे अर्ध्या पेढ्याचं लक्षात ठेव, पुढं कामी येईल.

सुरुवात गुडघ्यांवरून झाली, ते तुला ठाऊक आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर हे गुडघे तुम्हाला उचलणार नाहीत. मी म्हटलं, त्यात काय मोठं, उपास करते. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, दोन्ही एकादश्या धरल्या. साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचे लाडू, भगर, वरून तळलेले बटाट्याचे पापड. श्रावण संपला आणि काट्यावर उभी राहिले तर दोन किलो जास्त. देव प्रसन्न झाला असेल, काटा काही झाला नाही.

मग डॉक्टरांनी मला आहाराच्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम कसली, तुझ्या लेकीएवढी पोरगी. दिवसभरात काय खाता, सांगा म्हणाली. मी सांगितलं, दुपारी दीड भाकर, रात्री एक पोळी, भाजी, वरण, बस. ती म्हणाली, आजी, एवढ्यात त्र्याऐंशी किलो होत नाही. मी म्हटलं, मग का मी खोटं बोलून राह्यली? ती हसली नाही, चिडली नाही. तिनं फक्त विचारलं, "सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं, ते कुठं जातं?"

छाया, मी चौसष्ट वर्षांची आहे आणि मला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. कुठं जातं? नातवानं अर्धी टाकलेली पोळी, तुझ्या बाबांच्या ताटातला भात, पातेल्याच्या बुडाचं वरण, कढईला लागलेला झुणका. फेकवत नाही, म्हणून मी ओट्यापाशी उभ्या उभ्या पुसून घेते. ते मी कधी जेवणात धरलंच नव्हतं. ते मी आवरणं समजत होते. झाडू मारला, ओटा पुसला, भांडी रिकामी केली. तिनं कागदावर मांडून दाखवलं तेव्हा निघालं, माझं आवरणं माझ्या जेवणापेक्षा मोठं होतं. आणि वर रात्री दहाला. ती म्हणाली, दिवेलागणीला स्वतःचं ताट वाढून घ्या, बसून जेवा आणि उठा. उरलेल्याचं तुमच्याकडं काही काम नाही.

दिवेलागणीला! म्हणजे तुझ्या बाबांच्या आधी. घरी येईपर्यंत एसटीत मी विचार करत होते, गुडघे गेले तर काय होतं, लोक काठी घेऊन जगतातच की. पण त्याच संध्याकाळी मी पाट मांडला, बैठकीत, सगळ्यांसमोर, आणि ताट घेऊन बसले. तुझे बाबा दारातून आत आले आणि असे थबकले, जसं मी त्यांचं धोतर नेसून बसले आहे. म्हणाले, "अजून माझं व्हायचं आहे." मी म्हटलं, "माझं चालू आहे." खोटं कशाला सांगू, पहिला घास ताटातच पडला. पण उठले नाही.

तीन दिवस त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. हायवेवरच्या ढाब्यावर आलूबोंडे खाऊन आले आणि छातीत जळजळ घेऊन फिरले. चवथ्या दिवशी सातला गुपचूप स्वतःचा पाट घेऊन माझ्या शेजारी बसले. "भूक लागली," म्हणाले. एवढंच. भूक सगळ्यांनाच लागते, हे या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्यानं बोललं. आता रोज पाचही जण सोबत बसतो, ते, मी, तुझा भाऊ अंकुश, रूपाली आणि नातू. उरलं ते गाईला. गाय जाड होऊन राह्यली आहे, पण तिला गुडघ्यांची तक्रार नाही.

चालायलाही जाते. नातवानं पांढरे बूट आणले, गुलाबी पट्टीचे. लुगड्याखाली बूट घालून संत्र्याच्या बागेपर्यंत जाते आणि येते. ट्रकवाले हॉर्न देतात, मी हात दाखवते. शेजारची एक म्हणाली, आनंदाबाई, या वयात कोणत्या शर्यतीत निघाली? मी म्हटलं, तुझ्या तेरवीला पायी यायचं आहे, सराव करून राह्यली. तुझे बाबा माझ्या दहा पावलं पुढं चालतात, बाग बघायला निघाल्यासारखे. चालू दे. त्यांचंही पोट दोन बोटं आत गेलं आहे, ते त्यांना सांगू नको, फुगतील.

आता जरा थांबले होते, कारण रूपाली थांबली. मी तिला म्हटलं, लिही, अठरा वर्षं या सुनेला मी माझ्याही मागून जेवायला बसवलं. तिनं विचारलं, "आई, हे लिहूच का?" मी म्हटलं, मोठ्या अक्षरात लिही. दोघींच्या मधे एक पातेलं असायचं, आणि माझं पुसून झाल्यावर उरलेलं तिचं. मला वाटायचं, मी तिला वळण लावते आहे. बघ, लिहिलं तिनं. नाक ओढते आहे, पण लिहिलं.

आणि आता ज्यासाठी हा कागद केला, ते. तुझ्या लग्नाच्या दिवशी जीप निघायची होती. तुझा सकाळपासून उपास होता. खिडकीतून मी तुझं तोंड कुरवाळलं तेव्हा तू माझ्या कानात म्हणाली होतीस, "आई, मले भूक लागली." विसरली असशील तू, मी नाही विसरले. माझ्या ओच्यात बुंदीचा लाडू होता, वऱ्हाड्यांसाठी बांधलेला. तो मी तुला दिला नाही. मी म्हटलं, आता सासरी गेल्यावर, सगळ्यांचं झाल्याशिवाय ताटावर बसू नको, माझं नाव जाईल. ते नाव तू सव्वीस वर्षं सांभाळलंस आणि दोन महिन्यांमागं त्याच्यापायी मरता मरता राहिलीस. तर छाया, मी ते बोलणं परत घेते. ते चूक होतं, आणि चूक माझी होती, तुझ्या सासूबाईंची नाही. त्यांच्याही आईनं त्यांना तेच सांगितलं असेल. हे पत्र जावईबापूंना मोठ्यानं वाचायला सांग, सगळ्यांसमोर, विहीणबाईंसमोर. येत्या बाजाराच्या दिवशी मी तुझ्या घरी आष्टीला येते आहे, माझे बूट घालून. दिवेलागणीला तीन पाट मांडजो, एक तुझा, एक माझा, एक सुलोचनाबाईंचा. त्या बसल्या तर बरं, नाही बसल्या तरी आपण दोघी बसू. कोणी विचारलं तर सांगजो, आईनं सांगितलं. आणि तोवर वाट बघू नको. हे वाचून झालं की कागद खाली ठेव आणि आधी जेव. ओच्यात लाडू घेऊन येते आहे. साखर आहे तुला, म्हणून अर्धाच देईन. अर्धा मी खाईन.

तुझीच,
तुला उपाशी पाठवणारी आई
(खाली अंगठा माझा आहे. डाग पडला आहे तो रूपालीचा.)