मागच्या सीटवरचं वजन

बाबा, तुमच्या गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे मी काढून टाकले. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मिशीवरून हात फिरवत बसणार नाही. रागवायचं तर रागवा. मला आता कोणाच्या रागाची भीती वाटत नाही, वाटते ती फक्त गोंदियाच्या वाटेवरच्या राजेगावच्या रस्त्याची.

आईचा आजार मणक्यात उतरला आहे. औषध चढवायला तिला गोंदियाला न्यावं लागतं. पहिल्यांदा अँब्युलन्सनं नेलं, तर परत आल्यावर तिनं हातच जोडले. "मले त्या डब्यात नको टाकू, बाई. मी काय मेली हाये का? तुह्या बाबाच्या गाडीत बसून येतो म्हणलं ना." म्हणून तुमची अँबेसिडर बाहेर काढली. पण ती गाडी आहे की बैलबंडी! प्रत्येक खड्ड्याला मागचा भाग उडायचा आणि आई पदर दातात धरायची. ओरडत नव्हती, तेच मला सहन होत नव्हतं. आरशात तिचा चेहरा पाहायचा की रस्ता, मला कळेनासं व्हायचं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खायचे. एकदा मी गाडीतच मोठ्यानं तुमच्यावर ओरडले, कारण जास्तीचे पाटे घालून ती गाडी इतकी कडक तुम्हीच केली होती.

ते अंगण अजून डोळ्यांपुढे आहे. बाजाराच्या दिवशी तुम्ही भरवेलीच्या खाणकामगारांना गाडीत कोंबून आणायचात आणि मागची बाजू पार जमिनीला टेकायची. मग तुम्ही जॅक लावून दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला. आई स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे, आणि तुम्ही हाक मारता, "ये वं, बस मांगं." ती पिठाच्या हातांनी येऊन मागच्या सीटवर बसते. तुम्ही चाक आणि मडगार्डच्या मधे चार बोटं घालून बघता, एक बोट काढावं लागतं, आणि तुम्ही खूश. "हं, आता बसली गाडी. तुह्या मायसारखं वजन पायजे." त्यावर आई म्हणते, "अन् तुमच्या अंगावर काय हाये? पाप्याचं पितर!" त्या दिवशी तुम्हाला नुसती चटणी-भाकर मिळाली, आणि तीही तुम्ही हसत खाल्लीत. मी मागच्या बंपरवर उभी राहून उड्या मारत होते, तर एक धपाटा मिळाला. "पाटा हाये तो, झुला नाही." धपाट्यापेक्षा भाकरीच्या चुलीचा धूर जास्त आठवतो.

बसस्टँडमागच्या मिस्त्रीकडे गेले. त्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "कितनी भी गद्दी डालो ताई, झटका तो लगेगा. पूरा बदलना पडेगा." पाट्यांच्या जागी गोल स्प्रिंगा, नवे शॉकअप, आणि मागचा एक्सल सरकू नये म्हणून त्याला धरायला लोखंडी दांड्या. मग तोच कचरला. जुनी गाडी आहे, तिची शान जाईल म्हणाला. शान गेली चुलीत, मी म्हटलं, मला माझ्या आईला न रडवता गोंदियाला न्यायचंय. ते बोलताना माझा आवाज फाटला. सगळं गॅरेज माझ्याकडे बघत होतं.

काम झालं त्या दिवशी आईला खुर्चीत बसवून गॅरेजात आणलं, अलगद मागच्या सीटवर ठेवलं. मी वाकून चाकावर बोटं घातली. ती बसायच्या आधी चार बोटं. ती बसल्यावरही चार. बाबा, स्प्रिंगला कळलंच नाही की कोणी बसलं आहे. तुमची ती बायको, जिच्या बसण्यानं गाडी बसायची! मी गाडीमागे जाऊन ढसाढसा रडले. मिस्त्री उगाच पाना शोधत राहिला. मग हळूच म्हणाला, "हल्की गाडी उछलती है, ताई. पीछे वजन रखना पडेगा."

तुमचे पाटे तिथेच भंगारात पडले होते. ते गोधडीत गुंडाळून डिकीत टाकायला लावले. बोटं परत घातली. एक बोट काढावं लागलं.

गोंदियाला न्यायच्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर स्वतः बोलत होते. आता त्यांना आणू नका, औषधानं काही होणार नाही, घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं बघा. फोन ठेवून वळले तर आई वेणी घालून, हिरवं लुगडं नेसून दारात बसलेली. "चाल ना वं, काहून थांबली? उशीर होऊन राह्यला." तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. गाडी काढली.

दुखण्याच्या गोळीनं ती गुंगीतच असते. मागच्या वेळी औषध कधी चढलं, कधी सुई काढली, हेही तिला आठवत नव्हतं. राजेगावच्या आधीचे ते खड्डे आले आणि माझे दात आपोआप आवळले. गाडी खाली गेली, वर आली, बस. आरशात पाहिलं तर आई झोपली होती. पदर दातात नव्हता. हात मांडीवर मोकळा पडला होता. किती दिवसांनी पाहिला तो हात असा! राजेगावच्या पुलाजवळ गाडी उभी करून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तुम्हाला हाका मारल्या. देवाला नाही, तुम्हाला. मग तिथूनच गाडी वळवली.

अंगणात आल्यावर तिला जाग आली. "झालं का वं औषध?"

"हौ."

"आज काहीच दुखलं नाही. डाक्टर चांगला हाये. आता कधी बोलावलं?"

मी बुधवार सांगून टाकला.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आणि ते वाचायला तुम्हीही नाही. खरं सांगते, तुमचे पाटे काढले हे सांगायला बसलेच नव्हते. बुधवारी मी पुन्हा पुलापर्यंत जाणार आहे, एवढंच कोणाला तरी सांगायचं होतं.