दोन्ही हात मावतील एवढा

३ मार्च, मंगळवार

परत नुसता चेहरा! वीस मिनिटं फोन चालला आणि ताईचे हात एकदासुद्धा दिसले नाहीत. भाचा फोन धरून उभा, तिच्या नाकाला टेकवल्यासारखा. मी ओरडले, "अरे मागे घे, मागे!" तर म्हणतो, "मावशी, फोनच लहान आहे, त्याला मी काय करू?"

ताई हसत होती. मीही हसले. एक जन्माची बडबडी, एक बहिरी — आणि वीस मिनिटं दोघी नुसत्या एकमेकींकडे बघून हसतोय. तिच्या गालाची खळीसुद्धा दिसली नाही. कसला मेला कॅमेरा! दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे. इथे ताकही नाही.

मी टॅबलेट घेणार. ठरलं.

४ मार्च

शेजारच्या घड्याळवाल्याला विचारलं, ही चूकच झाली. त्याने जन्मात टॅबलेट हातात धरलेला नाही. पण सल्ला तयार! "आठ इंची घ्या. पर्समध्ये मावतो." पर्समध्ये काय मावतं याच्याशी मला काय करायचंय? उंटावरचा शहाणा!

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. कपडे घालून बघायच्या आरशासमोर बसले आणि ताई समोर आहे असं समजून बोलायला लागले. मग टेप घेऊन मोजलं. मापांच्या वहीत लिहून ठेवलंय — बोलणं : रुंदी छत्तीस, उंची अठ्ठावीस. खाली त्या जाड्या वकीलसाहेबांच्या पँटचं माप. त्यांची कंबर माझ्या बोलण्यापेक्षा मोठी आहे!

६ मार्च

आमची भाषा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ताई तीन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. मी जन्मले तेव्हा ती सहाची. ताईला शाळेत कोणी घातलंच नाही, लिहिणं-वाचणं आलं नाही; आईला हातवारे जमायचे नाहीत, मग आम्ही दोघींनीच सगळं बनवलं. हनुवटीवर बोट म्हणजे आई, कारण तिथे तिला तीळ होता. गालात बोट म्हणजे ताई — खळी. आणि मी? पाच वर्षांची असताना मी नवा कोरा पडदा कापला होता. तेव्हापासून मी कात्री. डावा तळवा उघडायचा आणि त्याच्यावर उजव्या हाताची दोन बोटं चालवायची. पुढे शिवणकामाचंच दुकान काढलं तेव्हा ताई किती हसली होती! "नाव मी ठेवलं, म्हणून धंदा मिळाला," म्हणाली.

ही भाषा येणारी जगात दोनच माणसं. भाच्याला येते ती मोडकीतोडकी. जेव, झोप, औषध घे. तेवढीच.

दोन वर्षं झाली तिला भाच्याकडे जाऊन. गाडीत बसवलं तेव्हा दोघींचे हात पिशव्यांनी भरलेले. शेवटचं बोलणं राहूनच गेलं. मी म्हटलं, पोचल्यावर बोलू. पहिल्या वर्षी फोन बरणीला टेकवून ठेवायचे. हातांचे तुकडे तरी दिसायचे. गेल्या जूनपासून भाचा स्वतःच धरून उभा राहतो. मोठा मातृभक्त लागून गेलाय!

आज एका बाईंच्या बाह्या आखूड करताना माझे हात आपोआप बोलायला लागले. दुकानातल्या पुतळ्याशी! बाई घाबरून बघत राहिल्या. काय सांगणार त्यांना? आठवण येते हो. फार येते.

९ मार्च, सोमवार

अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं आणि गेले. काउंटरवर चष्मेवाली पोरगी. "काय काय करणार तुम्ही टॅबलेटवर? सिनेमे बघणार? पुस्तकं? चित्रं काढणार?"

"बोलणार."

"मग हाच घ्या! चार स्पीकर आहेत, आवाज बघा!" आणि धडाधडा गाणं लावलं.

"माझ्या बहिणीला ऐकू येत नाही."

बिचारीचा चेहरा पडला. गाणं बंद केलं. पण पोरगी हुशार. म्हणाली, "थांबा. मग आपण सगळं नव्याने बघू." मी पर्समधून टेप काढला. आधी हसली, मग स्वतःच काउंटरच्या पलीकडे बसून हात हलवायला लागली. आठ इंचीत बोटं एकमेकांत मिसळतात. दहा इंची बरा, पण त्याचा कॅमेरा आखूड बाजूला — आडवा ठेवला की माणूस भलतीकडेच बघतंय असं वाटतं. एकाचा कॅमेरा इतका मंद की हात हलवला की धूरच! जागा किती, वेग किती, पेन मिळतं का, तिने सगळं सांगितलं. मी म्हटलं, बाळ, मला काही साठवायचं नाही. दोन हात दिसले पाहिजेत, कोपरापासून, आणि बोटं मोजता आली पाहिजेत.

शेवटी अकरा इंची. कॅमेरा लांब बाजूला, मधोमध. स्टँडवालं कव्हर, म्हणजे धरायला माणूस नको.

पैसे देणार तेवढ्यात तिने विचारलं, "आजी, बहिणीकडे काय आहे?"

"भाच्याचा फोन."

"मग त्यांचे हात कसे दिसतील? हा कॅमेरा तुम्हाला दाखवणार. त्यांना दाखवणारा कॅमेरा त्यांच्याकडचा."

अरे देवा! चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय — आणि कपडे तिचे, माप माझं घेऊन बसले होते! पोरगीसमोर स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

दोन घेतले. अगदी सारखे. एक संध्याकाळच्या आत कुरिअरने रवाना. निघताना पोरगी म्हणाली, "गडद, साधा रंग घाला. हात उठून दिसतात."

१० मार्च

भाच्याला फोन करून सांगितलं. वाटलं, खूश होईल. तर कसलं काय! मग म्हणे, "कशाला गं मावशी? उगाच. तिला आता नाही जमायचं."

"आता म्हणजे?"

"म्हणजे… वय झालंय ना."

सदुसष्ट म्हणजे काय वय! मी म्हटलं, मग मीच येते. तर घराचं काम काढलंय, झोपायला जागा नाही, उन्हाळ्यानंतर बघू. मागच्या वर्षीपण हेच. कसलं घर बांधतोय, किल्ला?

खूप बोलले त्याला. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. पण बोलले ते बोलले.

१४ मार्च

पार्सल पोचलं. उघडलेलं नाही. "वेळ नाही मावशी."

१७ मार्च

अजून नाही!

माझा मात्र कापड बेतायच्या टेबलावर उभा आहे. काळी काच. येता-जाता त्यात मीच दिसते. काय काय सांगायचंय तिला! केस आता रंगवत नाही. घड्याळवाल्याने मिशी काढली, तर तो ओळखूच येईना. बाबांच्या कोटाचं एक बटण शिवणयंत्राच्या खणात सापडलं, तिला दाखवायचंय. मोठं असं काहीच नाही. पण हे मी सांगू कोणाला? फोनवर भाच्याला सांगितलं तर तो तिला सांगणार, "मावशी बरी आहे."

बोटं आखडल्यासारखी वाटतात. कामाने नाही. न बोलून.

१९ मार्च, गुरुवार

भाच्याच्या बायकोचा निरोप! "मावशी, उद्या दुपारी तीनला तयार राहा. हे कामावर असतात. मी लावून देते. यांना सांगू नका."

गुणाची गं माझी बाई ती! नवऱ्याचं न ऐकणारी सून मिळायला भाग्य लागतं. साधी गडद निळी साडी इस्त्री करून ठेवलीय. तीन ग्राहकांना परवा या म्हणून सांगितलं. टेबल खिडकीकडे वळवलं, उजेड तोंडावर यावा म्हणून. बटण हाताशी ठेवलं. मला साठीत परीक्षेला बसल्यासारखं होतंय!

२० मार्च, शुक्रवार

दिसलं. सगळं दिसलं. पोरीने अगदी बरोबर निवडून दिला होता.

ताईचा उजवा हात उशीवर होता. तिने ठेवलेला नव्हता, कोणीतरी ठेवलेला. हलत नाही. जूनपासून. "आईंनीच डाव्या हाताने खुणावून शपथ घातली होती," सून रडत म्हणाली. "मावशीला कळलं तर ती दुकान बंद करून धावत येईल म्हणून."

ताई रडली नाही. तिने डावा हात वर केला, तळवा उघडला आणि तसाच धरून ठेवला. थांबून राहिली. माझं अर्धं नाव. पुढे तिला जमत नाही.

मी माझी दोन बोटं काचेवर नेली आणि तिच्या तळव्यावर चालवली.

दुकानाला कुलूप घातलंय. पाटी लावली, चावी घड्याळवाल्याकडे दिली. पहाटेची गाडी आहे. या वेळी पिशवी एकच, खांद्याला अडकवायची. हात रिकामे ठेवणार आहे.