खूण काढलेली तूर

२ डिसेंबर
पोचले एकदाची धनजच्या तूर संशोधन केंद्रावर! खोली छान आहे, तरी फिनेलनं दोनदा पुसली. मला कशाचीही चटकन किळस येते, काय करू. राठोड सरांनी काम समजावलं. तुरीत नवा गुण घालताना सोबत एक खूण-जनुक घालतात, म्हणजे कोणत्या रोपानं गुण घेतला ते कळतं. ओळख पटली की दुसरं एक कात्री-जनुक ती खूण कापून टाकतं. बियाण्यात उष्टं काही उरत नाही. मला हे फारच आवडलं.

५ डिसेंबर
बशीतले पेशींचे गोळे पाहिले. शी! ओले, पिवळट, पिकल्या फोडासारखे. केंद्राच्या प्लॉटातल्या तुरीतून खूण साफ गेलीय, पण कात्री अजून आतच आहे. सर म्हणाले, राहू दे, काय बिघडतं.

९ डिसेंबर
राखणीच्या गोजराबाईंनी मिठात उकडलेल्या शेंगा दिल्या. ओंजळभर खाल्ल्यावर कळलं, प्लॉटातल्याच! मी ओरडले, तर म्हणे खाय वं पोरी, तूरच हाये, इख थोडी हाये, मी त रोज खाऊन राह्यली. घशात बोटं घातली. काही पडलं नाही.

१४ डिसेंबर
गोजराबाईंच्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं. आज नाही. तिथं नुसती बुळबुळीत कातडी. त्यांच्या हातचा चहा ओतून दिला.

१७ डिसेंबर
हजेरीचं यंत्र अंगठा घेईना. बोटांवर एकही रेघ नाही. काचेवर माझाच चिकट ओघळ. ई!

१९ डिसेंबर
बेंबी गेली. सपाट, ओलं. ओकले. हनुवटीवरचा तीळ टॉवेलला चिकटून आला. शेंगांतली ती कात्री आता माझ्याच खुणा कापतेय. सर फोन उचलत नाहीत. आईला केनवडला फोन केला, लवकर ये गं, ओळखू येतेय तोवर ये.

२० डिसेंबर
गोजराबाईंना भुवया नाहीत. मलाही. आरशात दोघी सारख्याच, सोललेल्या. त्यांना स्वतःचं नाव आठवेना. मी माझं सांगितलं, तर तेच घोकत बसल्या. धम्मदीपा, धम्मदीपा. किळस येते माझ्याच नावाची.

२१, सकाळ
ओठ चिकटलेत — बोट आत जात नाही —
आई आली. दारातच थबकली. विचारलं, माझी धम्मदीपा कोणती?
शेजारी बसलेल्या गोजराबाईंचे ओठ अजून सुटे. त्या म्हणाल्या, मीच.
आईनं त्यांना कवटाळलं. त्या लिबलिबीत गालाचे मुके घेतेय, रडतेय — आई, सोड त्यांना — मी इकडे —
वही दाखवते. वाच ना गं! अक्षर तर माझंच आहे, अक्षर तर