खालची ओळ

९ नोव्हेंबर २००६, गुरुवार
सकाळी कॉलेज. लॅबमध्ये पार्ट वनच्या दोन बॅचेस. तीन गॅल्व्हानोमीटर बंद, त्यातला एक चालू करून दिला. साडेपाचला सुटले, तशीच शांताकाकूंकडे गेले. त्यांची सुजाता, माझी मैत्रीण, जाऊन आज अकरा दिवस. पुण्यात ताप आला आणि चौथ्या दिवशी संपलं. काकू आता एकट्या. महिनाअखेर खोली सोडून कोडोलीला थोरल्या मुलाकडे राहायला जाणार. सामान बांधायला रोज तासभर जायचं असं ठरवलं आहे.
पलंगाखालच्या पेटीत तिचा व्हिडिओ गेम निघाला. टीव्हीला लावायचा. दोन्ही रिमोट आहेत. कॅसेट ती एकच, लेबल नसलेली. काकूंना म्हणाले, हा इतक्यात बांधू नका.
घरी आले तर अव्वा दारात उभी. "मयताच्या घरनं आलीस. अंघोळ करून आत ये."
"आपल्यात सुतक पाळत नाहीत. लिंग बांधलेल्याला सुतक नाही, हे आई म्हणून तूच शिकवलंस ना?"
"ते आपल्या माणसाचं."
"मग ही कुणाची?"
पाय धुतले आणि आत गेले. अंघोळ केली नाही.

११ नोव्हें., शनि.
गेमचा अडॅप्टर मेला होता. लॅबमध्ये नेऊन उघडला. डायोड बदलला, डाग दिला. चालला. कॅसेटला फुंकर मारली, तीही चालली. तेच निळं डोंगराचं चित्र आलं आणि हात थांबले.
हा गेम सु.च्या वडिलांनी १९९३ला मुंबईहून आणलेला. सगळं जपानीत. एक अक्षर आम्हाला वाचता येत नव्हतं, अजून येत नाही. गोष्ट आम्हीच चित्रांवरून लावली. टोपीवाली मुलगी आणि तिचा रेडा. रेड्याचं नाव सु.नं म्हाद्या ठेवलं. त्याची वेसण मुलीच्या हातात. दोघांनी सात गढ्या पार करायच्या. मी मुलगी, सु. रेडा. दार फोडायचं त्यानं, फटीतून जाऊन कडी काढायची हिनं. एकमेकांपासून लांब गेले की दोघंही मरतात.
सातवी गढी झाली की डोंगरात एक दार. रेडा त्या दाराकडे बघत राहतो आणि खाली दोन ओळी येतात. वरची दाबली की मुलगी वेसण धरून त्याला घरी नेते, झोपडीसमोर दोघं बसतात, गेम संपतो. खालची म्हणजे त्याला सोडून द्यायचं, असं आम्ही धरलेलं. खरं कधी बघितलं नाही. कारण तिथं फक्त मुलीचा रिमोट चालतो, आणि मी दर वेळी वरचीच दाबायचे.
"रेड्याला कुणी विचारलंय? एकदा खालची दाब की गं."
"सात गढ्या बरोबर काढल्या, आता सोडायचं?"
"नाकात दोरी घालून कसली दोस्ती?"
"मग एकटा जाऊन करणार काय तो?"
"त्याचं त्यो बघंल. तुला काय करायचंय?"
बी.एस्सी. संपून पुढची दोन वर्षंही हेच भांडण. काकू चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, तुमचा रेडा दावणीला लागला का न्हाई अजून?

१२ नोव्हें., रवि.
दोन हातांत दोन रिमोट घेऊन खेळून बघितलं. दुसऱ्या गढीत मेले. परत, परत दुसऱ्याच गढीत. या गेममध्ये मधे थांबता येत नाही, बंद केला की पहिल्यापासून. पूर्ण व्हायला साडेतीन तास लागतात, आणि लाईट दिवसातून दोनदा जाते. काकूंच्या गल्लीचं लोडशेडिंगचं वेळापत्रक लिहून घेतलं.
ठरवलं. खोली रिकामी व्हायच्या आत खालची ओळ दाबायची. तिनं माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं आणि तेवढंही मी दिलं नाही.
एवढं एकच नाही. १९९८ला पुण्याची नोकरी लागली तेव्हा म्हणाली, चल, दोघी मिळून खोली करू. मी म्हणाले, तूच थांब. ती थांबली नाही. मी स्टँडवर पोचवायला गेले नाही. चार पत्रं आली, एकालाही उत्तर नाही. दिवाळीला आली की निरोप पाठवायची. मी दुकानात काम आहे म्हणून सांगायचे. दुकान अण्णाचं, माझ्या थोरल्या भावाचं. मला तिथं कधी काम नव्हतं.

१४ नोव्हें., मंगळ.
जेवताना अण्णा. "रोज तिकडं काय असतंय? पेठेत लोक विचारत्यात."
"काय विचारतात?"
"तुला म्हाईत हाय."
"नाही माहीत. बोल की पूर्ण."
तो भाकरी मोडत बसला. मग म्हणाला, "तिथं जेवतीस?"
"दोनदा जेवले. उद्याही जेवणार आहे."
"रविवारी गडहिंग्लजची माणसं येणार हायेत, तुला बघाय. घरात थांब."
"रविवारी मला काम आहे."
"कसलं काम?"
"गेम खेळायचाय."
अव्वाला हसू आलं, मग तिनं पदर तोंडाला लावला. अण्णा म्हणाला, "एकतीस वर्षांची घोडी झालीस."
"हो. घोडी खेळणार आहे."
एवढं एका वेळी मी या घरात कधी बोलले नव्हते. माघार घेणार नाही.

१७ नोव्हें., शुक्र.
इलेक्ट्रॉनिक्सच्या जोशी सरांनी टेबलावरचा जुना डायोड बघून विचारलं, कशाचा? सांगावं लागलं. म्हणाले, "मॅडम, एवढा त्रास कशाला? नेटवर सगळी गोष्ट मिळेल. त्या दोन ओळींचा अर्थसुद्धा. दहा मिनिटांचं काम."
"नको."
"अहो, तुम्ही भलतंच समजून बसला असाल तर?"
"असू दे भलतं."
ते हसले. वाईट मनानं नाही. पण माझं डोकं तापलं. रेडा रेडा नसेलही. खालची ओळ म्हणजे 'परत खेळा' एवढंच असेल. तरी आम्ही ज्यावरून भांडलो ते खरंच भांडलो. ती गेली आणि मी घरी राहिले ते काही जपानीत झालं नाही. आता दुसऱ्या कुणी येऊन सांगायचं की तुमचं मुळात...
नकोच.

१९ नोव्हें., रवि.
नऊ वाजता घरातून निघाले. अव्वा नवी साडी बाहेर काढून बसली होती. तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबले असते.
पहिली गढी दोन रिमोटवर कशीबशी. दुसरीत परत मेले. काकू गाठोडी बांधत होत्या. उठल्या, पदर खोचला, शेजारी येऊन बसल्या. "आण हिकडं त्यो रेडा."
वाटलं, माझ्या समाधानासाठी. पण त्यांनी दार पहिल्या धडकेत फोडलं. चौथ्या गढीत खड्डा आहे, तो यायच्या आधीच म्हणाल्या, "थांब, आधी मला जाऊ दे. हितं पोरगी पडती."
"काकू, तुम्हाला कसं माहीत?"
"पाच दिवाळ्या ह्योच रेडा हाकलाय मी. आली की बसवायची मला. ती पोरगी घ्यायची, तुझी."
मी खेळत राहिले. स्क्रीनवरून नजर काढली नाही. मग विचारलं, "शेवटी काय दाबायची?"
"काय न्हाई."
"म्हणजे?"
"त्या दोन वळी आल्या की बटन बंद. वरची न्हाई, खालची न्हाई. मी म्हणायची, अगं दाब की काय दाबायचं ते, माझं कंबरडं मोडलंय बसून. तर म्हणायची, ती येऊ दे. तिच्यासमोर दाबणार."
सहाव्या गढीत मुलगी मेली. माझ्या चुकीनं. परत सुरू करणार तोवर लाईट गेली.
काकूंनी वाटाण्याची उसळ आणि भाकरी वाढली. पोटभर जेवले.

२२ नोव्हें., बुध.
अण्णा बोलत नाही. गडहिंग्लजची माणसं तासभर बसून गेली म्हणे. मी अव्वाला म्हणाले, पुढच्या वेळी मला विचारून बोलव, नाहीतर परत असंच होईल. ती म्हणाली, तुला झालंय तरी काय. काही झालेलं नाही, असं सांगितलं.
तीन दिवस सु.चा राग येतो आहे. मेलेल्या माणसाचा राग धरू नये, पण येतो. मोकळं सोड, मोकळं सोड म्हणून माझं डोकं खाणारी ती. तिच्या हातात पाच वेळा रिमोट होता. दाबायची होतीस. माझ्यासाठी कशाला थांबलीस? मी येणार नव्हते. मी किती आडमुठी आहे हे तुझ्याएवढं कुणाला माहीत होतं?
आणि निरोपात एक शब्द लिहिला नाहीस की गेम खेळायला ये. 'येऊन जा', एवढंच लिहायचीस. गेमचं लिहिलं असतंस तर...
तरी आले नसते. खोटं कशाला लिहू.
शनिवारी रजा टाकली. दहा ते दोन लाईट असते.

२५ नोव्हें., शनि.
दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू केलं. काकू रेडा, मी मुलगी. बोलणं फक्त कामापुरतं. "उजवीकडं." "व्हय." "थांब, थांब." "आता मार." पाचव्या गढीत काकूंचा अंगठा दुखायला लागला. तेल चोळून परत बसल्या. एकदाही मेलो नाही.
दीडच्या सुमाराला डोंगराचं दार आलं. रेडा बघत उभा. दोन ओळी.
काकू म्हणाल्या, "बंद करायचं का?"
"नाही."
खालची दाबली.
वेसण मुलीच्या हातातून निघाली. रेडा सावकाश दारातून आत गेला. वळून बघितलं नाही. दार लागलं. संगीत थांबलं. मी संपल्याची अक्षरं यायची वाट बघत राहिले. आली नाहीत. चित्र तसंच, मुलगी एकटी उभी.
काकूंनी रिमोटची सगळी बटणं दाबून बघितली. काही नाही. माझा अंगठा सहज लागला, तर मुलगी दोन पावलं चालली.
"माझा गेला," काकू म्हणाल्या. "तुझी चालतीया की अजून."
रिमोट मांडीवर ठेवून त्या रडल्या. नऊ तारखेपासून मी रोज त्या घरात आहे, त्यांना रडताना आज पहिल्यांदा बघितलं. मी डाव्या हातानं त्यांचा हात धरला आणि उजव्या हातानं मुलीला चालवत राहिले. पुढं रस्ताच नव्हता, म्हणून मागं नेली. सातव्या गढीतून सहाव्या, सहाव्यातून पाचव्या. रेड्यानं फोडलेली दारं तशीच उघडी होती. मारायला कुणी येत नव्हतं. चौथ्या गढीतल्या खड्ड्याशी पोचले आणि दोन वाजले. लाईट गेली.
पुढं काय आहे ते माहीत नाही. असेल काही, नसेलही.
एक लिहून ठेवते. दाबली म्हणजे तुझं पटलं, असं नाही. मी अजूनही म्हणते, तू जायला नको होतंस. तुला जाऊ द्यायला हवं होतं आणि तू जायला नको होतंस. दोन्ही म्हणते. आता भांड.

२९ नोव्हें., बुध.
सकाळी साडेआठला टेम्पो आला. पलंग, पेट्या, गाठोडी, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो चादरीत गुंडाळून. गेम काकूंनी मला देऊ केला. मी नको म्हणाले, मग त्यांनीच पुढं ड्रायव्हरशेजारी मांडीवर घेतला. "तिकडं लाईट कवा असती बघून कळवती. यायचं हं. न्हाई आलीस तर मी येऊन तुझ्या अव्वाला इचारीन."
येते म्हणाले. अण्णाला काल रात्रीच सांगून ठेवलं आहे की मी कोडोलीला जाणार, महिन्यातून एकदा तरी. तो म्हणाला, बघू. मी म्हणाले, बघायचं काही नाही.
टेम्पो वळला. किल्ली घरमालकांना द्यायची होती. परत आत आले. खोलीत सुतळीचे तुकडे, कागद, पलंगाखालची धूळ. माणूस घरातून निघाल्यावर लगेच केर काढू नये म्हणतात. कोपऱ्यात जुना झाडू होता. पदर खोचला आणि आतल्या भिंतीपासून सुरुवात केली.