गंमत केली हो, काका

तीर्थस्वरूप दाजींना थोरल्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं नव्हतंत, त्यामुळे मला उगाच काळजी लागून राहिली आहे. (आमच्या शेजारचा कंपाउंडर म्हणतो, उतरताना दुखत असेल तर लक्षण वाईट. पण चढताना दुखतो म्हटलं तरी तो तेच म्हणतो.) ताईचा खोकला थांबला असेल. नसेल थांबला तर तिला गरम पाणी प्यायला सांगा, आणि थांबला असेल तरी सांगा. माझी तब्येत बरी आहे, म्हणजे झोप नाही, भूक नाही, छातीत मधूनच धडधडतं, बाकी उत्तम. ताईच्या पंच्याहत्तरीचं बोलावणं मिळालं. आमची ही तेव्हापासून बॅग काढून बसली आहे. येणं अडलंय ते माझ्यापाशी. का अडलंय ते सांगायला बसलो आहे, पण ते सांगायचं तर आधी दुकानातलं सगळं सांगावं लागेल, तेव्हा चष्मा लावा आणि पाय वर घेऊन नीट बसा.

मी अजून त्याच शिंप्याच्या दुकानात आहे. पुढे मालकांचा काउंटर, मध्ये कटरचं लांब टेबल, मागे मशीनवाले, आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी माझी खुर्ची. कोटांची काजं मी हाताने करतो. बटण ज्यातून जातं ते काज, हे तुम्हाला सांगायला नको, पण लोकांना वाटतं कोटाला ते जन्मतःच असतं. शाळा अर्ध्यावर सुटल्यापासून मी हेच करत आलो. त्या खिडकीतला उजेड मी मिळवलेला आहे, कोणी दिलेला नाही. आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, दोरा नेढ्यातून एका दमात जात नाही, पण एकदा गेला की मग माझ्या काजाकडे कोणी बोट दाखवून दाखवावं.

आता कटर. हा माणूस माझ्या निम्म्या वयाचा. मिशी राखली आहे, आवाज खणखणीत, आणि देवाने त्याला बोलायला जी जीभ दिली आहे ती माझ्या वाट्याला का आली नाही हे मला आजवर कळलेलं नाही. तो दुकानात पाऊल टाकतो आणि मशीनं थांबतात. गिऱ्हाईक माप द्यायला येतं आणि अर्धा तास हसत उभं राहतं. मालक चहा मागवतात तेव्हा पहिला कप त्याच्या टेबलावर जातो. (मी दुकानात त्याच्या आधीपासून आहे. कप थंड होऊन माझ्यापर्यंत येतो. तक्रार नाही, सांगून ठेवतो.) एकदा तो काही निरोप घेऊन आमच्या घरी आला होता, तर ही त्याच्या बोलण्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि त्याला आग्रह करकरून वाढलं. दाजी, इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या एका वाक्याला ती कधी तशी हसली असेल तर शपथ. त्या रात्री मी जेवलो नाही. तिला वाटलं पोट बिघडलं. पोटात दुखत होतं हे खरं, पण कारण वेगळं होतं.

बरं, त्याने हसवावं, माझी ना नाही. पण त्याच्या विनोदाला रोज काहीतरी खाद्य लागतं आणि ते खाद्य म्हणजे मी. मी दोरा ओवायला घेतला की तो मशीनवाल्यांना म्हणतो, “चला रे, काकांनी दोरा घेतलाय, आपण जेवून येऊ.” नव्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देतो ती अशी, “हे आमचे काका. हे आले तेव्हा दुकान नव्हतं, नुसती सुई होती. दुकान मागाहून तिच्याभोवती बांधलं.” सगळे हसतात. मीही हसतो. माझा चेहरा जरा उतरला की लगेच पाठीवर थाप, “लागलं का? गंमत केली हो, काका!” आता यावर माणसाने काय करावं? लागलं म्हणावं तर आपण कुरकुरे, नाही म्हणावं तर उद्या पुन्हा तेच. ही गंमत म्हणजे पावतीसकट थप्पड आहे, परतही करता येत नाही.

हेही मी सोसलं असतं. पण मागच्या महिन्यात तो मालकांसमोर म्हणाला, “मालक, काजाचं मशीन आणून टाका. काकांना कोट घालून दारात उभं करू, नमुना म्हणून!” मालक हसले. हसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कोटाकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ माझ्या खिडकीपाशी किती जागा आहे ते पाहिलं. दोन दिवसांनी मशीन विकणारा एक टाय लावलेला माणूस येऊन काउंटरवर चित्रं पसरून बसला होता. दाजी, विनोद कटरचा होता, पण खुर्ची माझी जाणार होती.

मी ठरवलं, आता उत्तर द्यायचं. पहिले काही दिवस गप्प राहून पाहिलं. त्यावर कटर म्हणाला, “हळू बोला, काका ध्यानाला बसलेत.” मग घरी सूनबाईने सल्ला दिला की, त्याने बोलण्याआधी तुम्हीच मोठ्याने हसा, म्हणजे त्याची हवा जाते. सल्ला चांगला होता, पण कधी हसायचं ते तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एक भरभक्कम गृहस्थ पँटचं माप द्यायला उभे होते. कटरने टेप फिरवली आणि आकडा मोठ्याने सांगितला. मला वाटलं, आता हा माझ्यावर काहीतरी जोडणार, म्हणून मी आधीच खो खो हसलो. दुकानात दुसरं कोणीच हसलं नाही. त्या गृहस्थांनी श्वास आत ओढून धरला होता तो सोडला, माझ्याकडे पाहिलं, आणि आणलेलं कापड तसंच घेऊन निघून गेले. मालकांनी उघडलेलं पावतीपुस्तक मिटलं.

मग मी स्वतःचा विनोद करायचं मनावर घेतलं. रस्त्याने जाता-येता जुळवत होतो. शेवटी एक जमला. तो दोऱ्यावरून बोलला की मी म्हणायचं, “दोरा उशिरा जातो पण मोजून जातो, तुझ्या जिभेसारखा वाटेल तिथे शिरत नाही.” कसा आहे? मला तर फार आवडला. हिला सांगितला तर म्हणाली, “बरा आहे, पण तो आधी दोऱ्याचं काढेल ना?” आणि तिथेच घात झाला. त्या दिवशी कटरची दाढ सुजली होती. तोंडाला मफलर बांधून बिचारा सकाळपासून मुका. मी दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला. चष्मा दोनदा खाली टाकला. त्याच्या टेबलाशी जाऊन, सुई त्याच्या नाकासमोर धरून चाचपडलो. तर काय झालं? त्याने माझ्या हातातून सुई घेतली, उजेडाकडे धरली, दोरा ओवून गाठ मारून परत दिली आणि मफलरातूनच म्हणाला, “घ्या काका, हाक मारायची ना.” आणि माझ्या तोंडात ते वाक्य सकाळपासून भरून ठेवलेलं, ते त्याच वेळी बाहेर पडलं! अख्खं! मशीनं थांबली. मालक काउंटरवरून म्हणाले, “काका, तो मदत करतोय ना तुम्हाला?” माझी काय अवस्था झाली असेल ती कल्पना करा. उलट सगळ्यांनी दाढेबद्दल त्याचीच विचारपूस केली. म्हणजे माझ्या विनोदाचं फळही त्यालाच मिळालं.

शेवटी ही वैतागली. म्हणाली, “असले उद्योग करण्यापेक्षा त्याला सरळ सांगा ना, की मला लागतं म्हणून. तोंड आहे ना तुम्हाला?” हे मला सुचलंच नव्हतं. (तुम्हाला लगेच सुचलं असतं, पण तुम्हाला कधी गरज पडली नाही.) दुसऱ्या दिवशी दुपारी तो मागे पाण्याच्या पिंपाशी एकटा उभा होता. मी म्हणालो, “हे बघ, तुझे विनोद चांगले असतात. पण माझ्या डोळ्यांवरून आणि त्या मशीनवरून मालकांसमोर बोलतोस तेव्हा माझी झोप जाते. माझ्यापाशी दुसरं काम नाही.” बस, इतकंच. त्याने हातातला ग्लास पिंपावर ठेवला. म्हणाला, “काका, तुम्ही तर हसायचात.” मी म्हणालो, “सगळे हसतात तिथे एकट्याने काय रडायचं?” यावर तो गप्प झाला. मला आठवत नाही तो कधी असा गप्प झाल्याचं, दाढेचा दिवस सोडून. मग तो तडक काउंटरपाशी गेला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “मालक, मशीनचं मी उगाच बरळलो. शर्टाला आणा हवं तर. कोटाचं काज काकांनीच करायचं, नाहीतर मी कापड कापणार नाही.” मालक म्हणाले, “अरे, कोटाचं मीही कुठे म्हटलं होतं?” तेव्हा माझी खुर्ची राहिली, दाजी. तुम्ही ताईलाही सांगा, तिला उगाच घोर नको.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण खरं दुखणं इथून पुढे सुरू झालं. मला त्याला सांगायचं होतं की डोळे आणि मशीन सोडून बाकीचे विनोद चालतील. घाबरल्यामुळे ते राहूनच गेलं. त्यामुळे आता तो माझ्यावर काहीच बोलत नाही. सकाळी येतो, “नमस्कार काका” म्हणतो, जसा बँकेतला माणूस म्हणतो तसा. चहाचा कप आता गरम येतो (तोच पाठवतो) आणि तो घशाखाली उतरत नाही. आमच्याकडे नवा इस्त्रीवाला आला आहे, टकला, पन्नाशीचा, तोंडात पान. परवा एक गिऱ्हाईक आलं तर कटर त्याच्याकडे हात करून काय म्हणाला असेल? “हा आला तेव्हा दुकान नव्हतं, नुसती इस्त्री होती. दुकान मागाहून तिच्याभोवती बांधलं.” दाजी, माझा विनोद! माझ्या मापाने बेतलेला, माझ्या अंगावर वापरून मऊ झालेला, तो त्या पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या माणसाला घातला! आणि तो बसतो तरी का त्याला? मुळीच बसत नाही, खांद्यात ढगळ होतो. पण लोक हसले. इस्त्रीवाला तर असा फुलला की इस्त्री कॉलरवर तशीच राहिली. मी खिडकीशी मान खाली घालून काज करत होतो आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. आज सकाळी मी मुद्दाम दोरा ओवायला जास्त वेळ लावला. कोणी पाहिलंही नाही.

असो. मुलाबाळांना आशीर्वाद, ताईला नमस्कार. गुडघ्याचं न विसरता कळवा, चढताना की उतरताना.

तुमचा मेहुणा

ता. क. येण्याचं का अडलंय ते लिहायचं राहिलंच, किंवा हात तिथे जात नव्हता. कटरला सांगायचा धीर झाला म्हणून आता तुम्हालाही सांगतो, राग मानू नका. दरवेळी चार माणसं जमली की तुम्ही माझी ओळख करून देता, “हा आमचा मेहुणा. जन्मभर लोकांच्या नव्या कोटांना भोकं पाडतो आणि वर मजुरी घेतो.” मी हसतो. पण ते मला लागतं. सुनेच्या माहेरच्यांसमोर म्हणालात तेव्हा फार लागलं. आणि सगळ्यात जास्त ताई हसते ते लागतं. लहानपणी ती फक्त माझ्या बोलण्यावर हसायची, तुम्ही आलात आणि ते बंद झालं. तेव्हा एवढा एक विनोद सोडाल तर आम्ही येतो.

ता. क. दुसरा. बाकीचे विनोद चालतील, हे या वेळी आठवणीने लिहितो. आणि भोकांचा सोडलात म्हणून तो जुळवून तुमच्या धाकट्या मेहुण्याला घालू नका. तो कारकून आहे, त्याला बसणार नाही. त्याच्यावर काही बोललात आणि ताई हसली तर मी जेवणाआधी उठून जाईन.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवण्याआधी पत्र हिला वाचून दाखवलं. सगळं पत्र तिने तोंड वाकडं करून ऐकलं आणि भोकांपाशी आल्यावर मात्र इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तेव्हा मी विचार केला आहे. तो विनोद तुम्ही सोडणारच असाल तर मला द्या. त्या दिवशी सगळे बसले की मीच उभा राहून सांगतो, तुम्ही फक्त ताईला पुढच्या खुर्चीवर बसवा. मात्र मध्ये कुठे थांबायचं आणि कुठल्या शब्दावर जोर द्यायचा ते लगोलग कळवा. कारण हिच्यानंतर मी तो सूनबाईला माझ्या तोंडाने सांगून पाहिला, तर ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला कोणी काही बोललं का?”