काळ्याचं एकच घर

लोणावळा, ११ नोव्हेंबर २०२४

ति. आबांस,
नात अनघाचा स. जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून भांडायचं नाही, म्हणून पत्र. काल कामशेतच्या बुद्धिबळ स्पर्धेत समोरच्या मुलीने राजा आणि हत्ती एकदमच हलवले. मी पंचांना सांगितलं, ही लबाडी करते. अख्खा हॉल हसला. त्याला किल्लेकोट म्हणतात, आबा! आणि पहिल्या चालीत सगळीच प्यादी दोन घरं जाऊ शकतात, राजा-वजिरापुढचीच फक्त नव्हे. तुमच्या कारखान्यातले जेवणाच्या सुट्टीतले नियम कुठेच चालत नाहीत. पुढची स्पर्धा हरले तर शाळेच्या संघातून नाव जाईल.

रागावलेली,
अनघा


परंदवडी, १८ नोव्हेंबर

चि. अनघास,
अ. उ. आ.

मला बुद्धिबळ कुणी शिकवलंच नाही. मशीनवरच्या माणसांचं बघून जमवलं. तुझं हसं माझ्यामुळे झालं. यापुढे माझ्याशी खेळू नकोस, हात बिघडेल. आजी सांगते की म्हातारा जेवताना लय गप असतो. तिचं मनावर घेऊ नकोस.

माया आहे तशीच,
आबा


लोणावळा, २ डिसेंबर

ति. आबांस,
कान पकडून जयभीम.

जिंकले! शेवटच्या डावात मला काळे मोहरे आले. समोर पुण्याची अमृता, तीन वर्षांनी मोठी. तिने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं आणि सरांनी शिकवलेलं सगळं मी विसरले. हात आपोआप वजिराकडच्या उंटापुढच्या प्याद्यावर गेला. एकच घर, मग वजिराचं दोन घरं. तुमच्या नियमाने, तुम्ही खेळता तसंच. बेचाळिसाव्या चालीला तिने हार मानली. सरांनी विचारलं, हा कारो-कान बचाव कुणी शिकवला? मोठमोठे खेळाडू काळ्याकडून हाच खेळतात म्हणे. मी सांगितलं, परंदवडीच्या भिकाजी आबांनी.

मी फार वाईट बोलले. आपण पुन्हा खेळायचं ना?

तुमचीच,
अनघा


परंदवडी, ८ डिसेंबर

चि. अनघास,
पोटभर आशीर्वाद.

पत्र आजीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने हाकलून दिलं. ते कारो आणि कान कोण, मला ठाऊक नाही. भले लोक असतील. खरं सांगतो, तुझ्या रागाचं काही वाटलं नव्हतं. नात आता माझ्याबरोबर पटावर बसणार नाही, या विचाराने घास उतरत नव्हता.

नाताळच्या सुट्टीत ये. खरे नियम पहिल्यापासून शिकव. अठ्ठ्याहत्तर वय आहे, जरा दमानं घे. येताना चिक्की नको, दात राहिले नाहीत.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
भिकाजी